घरचा कांदा-लसूण मसाला दुकानात ठेवायचाय : काय काय लागतं?

सांडगी_मिरची (सातारा), ११ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. सासूबाई आणि मी उन्हाळ्यात ओळखीपाळखीत कांदा-लसूण मसाला करून द्यायचो. आता तो बारमाही झालाय. घरी भाजायचं, गावातल्या डंकावर कुटून आणायचं, पाकिटं भरायची. सामान किलोला ३६० रुपयांच्या आसपास पडतं, आम्ही ६४० ने विकतो, म्हणजे किलोमागे २८० सुटतात.

पुण्यातल्या एका सुपरमार्केटच्या साखळीने महिन्याला १०० किलो घेऊ म्हणून विचारलंय. त्यांना हवंय : फूड लायसन्स, जीएसटी, बारकोड, ६० दिवसांची उधारी, आणि न खपलेला माल परत. भावजी म्हणतात, आता प्रायव्हेट लिमिटेडच काढा, स्टार्टअप म्हणून सरकारी सवलतीही मिळतील. बंगळुरातली काही मराठी मंडळीही कुरिअरने मागवतात.

एवढ्या कागदांत आधी कशाला हात घालू?

---

पाणचट_चहा, ११ ऑगस्ट २०२४

आधी आम्हाला सँपल पाठवा. त्याशिवाय सल्ला निघत नाही.

---

खतावणी (पुणे), ११ ऑगस्ट २०२४

ताई, छोट्या धंद्यांची वह्या-रिटर्नं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

फूड लायसन्स म्हणतात त्यातलं तुम्हाला लायसन्स नाही, नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल मर्यादेत (२०२४ मध्ये १२ लाख) असेल तर साधी नोंदणी, फी वर्षाला १०० रुपये, 'फोस्कोस' या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. आपल्याकडे हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. पत्ता जिथे मसाला बनतो तिथलाच द्या. हा कागद दुकानात जायच्या आधीच नव्हे, आत्ता ओळखीत विकतानाही हवा. याच आठवड्यात करून टाका.

'उद्यम' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आधार-पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट दीड-दोन हजार घेतात, त्यांच्या नादी लागू नका. नोंदणी झाली की "तुमचं सर्टिफिकेट अडकलंय, एवढे भरा" असे फोन येतात. उचलू नका.

जीएसटी : मालासाठी महाराष्ट्रात मर्यादा ४० लाखांची. तुम्ही तिथून लांब आहात. पण बंगळुरात मेख आहे. परराज्यात करपात्र माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. एक पाकीट असलं तरी. कंपोझिशन या छोट्यांसाठीच्या सोप्या कराच्या योजनेत जाऊन फक्त १ टक्का भरू म्हणाल, तर त्या योजनेत परराज्यातली विक्री चालतच नाही. नियमित नोंदणी घेतली तर मसाल्यावर ५ टक्के, आणि शून्य विक्री असली तरी रिटर्न. विसरलात की दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. निल रिटर्न विसरणारे इतके येतात माझ्याकडे की विचारू नका.

प्रायव्हेट लिमिटेड : भावजींना नमस्कार सांगा. उलाढाल एक रुपया असो वा नसो, ऑडिट दरवर्षी. दोन मुख्य वार्षिक फॉर्म, उशीर झाला तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये, त्याला कमाल मर्यादा नाही. संचालकाची केवायसी चुकली की ५,००० वेगळे. वर्षाला पंचवीस-तीस हजार यातच जातात. प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्याला, स्टार्टअप इंडियाची मान्यता मिळत नाही हे भावजींचं बरोबर आहे. पण ती मान्यता घेऊन मसाल्याच्या धंद्यात तुम्ही करणार काय? गुंतवणूकदार शोधत नसाल तर प्रोप्रायटरशिपच ठेवा. बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं, आणि घरखर्च त्या खात्यातून अजिबात नाही.

बाकी किरकोळ : माणसं थोडी (२०२४ मध्ये दहापेक्षा कमी) असतील तर गुमास्त्याची, म्हणजे दुकान-आस्थापना कायद्याची, पूर्ण नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, हा बहुतेकांना माहीतच नसतो.

---

वाणीदादा (कराड), ११ ऑगस्ट २०२४

खतावणीसाहेबांनी कागद सांगितले, बरोबर आहेत. मी दुकानदार. ताई, मला तुमच्या कागदांची नाही, त्या २८० ची काळजी वाटली. किलोमागे २८० सुटतात म्हणता, त्यात डंकाचे पैसे धरलेत का? देठ खुडणाऱ्या बायकांची मजुरी? तुमचा स्वतःचा दिवस?

---

सांडगी_मिरची, ११ ऑगस्ट २०२४

नाही, ३६० म्हणजे फक्त मिरची, खोबरं, धणे, तीळ, कांदा, लसूण, गरम मसाला, तेल, मीठ. मजुरी असं काही नाही, शेजारच्या दोघी येतात, त्यांना मसाला देतो नाहीतर काहीतरी देतो. माझ्या दिवसाचं काय धरायचं?

---

वाणीदादा (कराड), ११ ऑगस्ट २०२४

धरायचंच. १०० किलो करायचे तर शेजारणी मसाल्यावर यायच्या नाहीत. आणि उद्या तुम्ही आजारी पडलात तर पगारी बाई ठेवावी लागेल, तिला जे द्याल ते आजपासून किमतीत हवं.

१० किलो तयार मसाल्याचा हिशेब मांडतो, आकडे तुमच्याकडचे घाला :

सामान ३,६०० (वाळवण्यात, देठात गेलेली घट यात आलीय ना, बघा. मिरची तोलून घेतानाचं वजन आणि देठ काढल्यावरचं वजन यात चांगला फरक पडतो). कांडप ४० रुपये किलोने ४००. गॅस २००. २५० ग्रॅमची ४० पाकिटं, लेबलासकट ९ रुपयांनी ३६०. दोन बायकांची एक दिवसाची मजुरी ८००. पोच करायला १५०. सँपल, फाटलेली पाकिटं, उडालेली पूड १००. तुमचा एक दिवस ५००.

बेरीज ६,११०. किलोला ६११.

म्हणजे घरून ६४० ने विकता तेव्हा २९ रुपये सुटतात, २८० नव्हे. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के तरी मागणार. मीही मागतो, नव्या मालाला जास्तच. ६४० मधून १२८ गेले, तुमच्या हातात ५१२. किलोमागे ९९ रुपये घरातून घालायचे. १०० किलोला महिन्याला ९,९००. साखळीची ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटाल आणि दिवाळीपर्यंत मंगळसूत्र गहाण.

छापील किंमत २५० ग्रॅमला २२० करा. किलोला ८८०, दुकानाचे २० टक्के वजा जाता ७०४, खर्च ६११, राहिले ९३. याच्या खाली दुकानात ठेवूच नका.

---

रंगपेटी (कोल्हापूर), ११ ऑगस्ट २०२४

दादांचा हिशेब चोख. पण १६० चं पाकीट एकदम २२० ला? जुनी गिऱ्हाइकं तोंड फिरवतील.

---

वाणीदादा (कराड), १२ ऑगस्ट २०२४

थोडी फिरवतील. मात्र घरी १६० आणि दुकानात २२० हे अजिबात चालायचं नाही. माझ्या दुकानातून पाकीट घेतलेल्या बाईला कळलं की हेच ताईंच्या घरी साठ रुपयांनी स्वस्त आहे, तर ती माझ्याशी भांडेल आणि मी ताईंचा माल परत पाठवीन. किंमत एकच छापायची. जुन्या गिऱ्हाइकांना सणाला घसघशीत सूट द्या, किलोच्या खरेदीवर पावशेर मेतकूट द्या, पण दर तोच.

---

पुणेकर_बंगळुरात, १२ ऑगस्ट २०२४

कुरिअरने मागवणाऱ्यांपैकीच एक बोलतोय. एका पाकिटापायी ताईंना जीएसटी लागतो हे डोक्यातच आलं नव्हतं. इथले बरेच जण गणपती-दिवाळीला गावी येतातच. येऊन साताऱ्यात रोख घेऊन गेलं तर?

---

खतावणी (पुणे), १२ ऑगस्ट २०२४

गिऱ्हाईक साताऱ्यात येऊन घेऊन गेलं तर ती राज्यातलीच विक्री. बंगळुरूच्या पत्त्यावर पार्सल केलं की परराज्यातली. जीएसटी नंबर मिळेपर्यंत कुरिअर बंद ठेवा. पुढे खरंच मागणी असेल तर नोंदणी घेऊन उघड करा, त्यात वाईट काही नाही. पाकिटांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळेल.

आता ६० दिवसांबद्दल. तुम्ही स्वतः मसाला बनवता, म्हणजे उत्पादक. उद्यम नोंदणी असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्याचं संरक्षण मिळतं. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला खरेदीदार बांधील असतो. करारात ६० लिहिले तरी कायद्यापुढे ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात नवं कलम आलंय, तेव्हाचं ४३बी(एच). मुदत उलटून वर्षअखेरीलाही पैसे बाकी असतील तर ती रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, देईल त्या वर्षी धरता येते. यंदा मार्चमध्ये कित्येकांची अडकलेली बिलं पटापट निघाली ती यामुळेच. मात्र उद्यमवर 'व्यापारी' म्हणून नोंद केली तर हे संरक्षण नाही, तेव्हा अर्ज भरताना 'उत्पादन'च निवडा.

---

उगवती (सांगली), १२ ऑगस्ट २०२४

कायदा छान आहे हो खतावणी, पण वापरून बघितलाय का कुणी? आमचा बचत गट पापड-मसाल्यात आहे. एका मोठ्या खरेदीदाराने पैसे लटकवले, आम्ही ४५ दिवसांचं पत्र धाडलं. पैसे आले, ऑर्डर गेली. पुढची ऑर्डरच आली नाही. थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते, ऑनलाइन पोर्टल आहे, सगळं आहे. पण छोट्या माणसाला पुढचा महिनाही त्याच दारात जायचं असतं.

---

खतावणी (पुणे), १२ ऑगस्ट २०२४

मान्य. म्हणूनच बिलावर उद्यम नंबर पहिल्या दिवसापासून छापा, नंतर काढायचं हत्यार म्हणून ठेवू नका. त्यांचं अकाउंट खातं मार्चमध्ये तो नंबर बघूनच यादी काढतं, तुम्हाला पत्र धाडावंच लागत नाही. आणि खरेदीदार अंदाजित नफ्यावर कर भरणारा छोटा दुकानदार असेल तर या कलमाचा त्याच्यावर तसाही काही जोर नाही. तिथे वसुली म्हणजे तुमची जीभ आणि त्याची लाज.

---

वाणीदादा (कराड), १२ ऑगस्ट २०२४

लाज आहे हो आम्हाला. 😀

पण मसाल्याच्या धंद्यात उधारीचं गणित बाकी मालापेक्षा वाईट आहे, ते सांगतो. मिरची वर्षभर मिळते, पण घ्यायची फेब्रुवारी ते मे मध्ये. नवी मिरची, रंग ताजा, दर बरा. पावसाळ्यात घेतली तर सर्द, आणि दर चढा. महिन्याला १०० किलो म्हणजे वर्षाला १,२०० किलो मसाला. त्यात निम्मी मिरची धरली तरी ६०० किलो ब्याडगी-लवंगी तुम्हाला उन्हाळ्यात रोखीने भरायची. अडत्या तुम्हाला ६० दिवस देणार नाही. वर साठवणीचं भाडं. आणि इकडे साखळीकडे दोन महिन्यांचे ७०,४०० च्या दराने १,४०,८०० कायम अडकलेले. वर परतीचा माल. खोबरं असलेला मसाला परत येईल तो खवट होऊनच, तो तुम्ही कुणाला विकणार? पैसा दोन्हीकडून बाहेर, आत फक्त ठसका.

परतीच्या मालाला आमच्यात जाकड म्हणतात. जाकडावर ठेवायचा तर थोडा ठेवायचा, आणि पंधरा दिवसांनी स्वतः दुकानात जाऊन फळीवरची पाकिटं मोजायची. पुण्यातल्या कुठल्या शाखेत किती पडून आहे ते साताऱ्यात बसून कळणार आहे का? साखळीला नाही म्हणा असं नाही. पण पहिली दहा दुकानं साताऱ्यातली धरा. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत स्कूटीवर जाऊन येता येईल अशी. माल द्यायचा, पुढच्या खेपेला मागचे पैसे घेतल्याशिवाय नवा माल उतरवायचा नाही. मागचं दिल्याशिवाय पुढचं नाही, हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं की कुणी रागावत नाही.

---

पाणचट_चहा, १२ ऑगस्ट २०२४

आमच्या नाक्यावर "आज रोख उद्या उधार" ची पाटी आहे. तिच्याखालीच मालक उधारीची वही घेऊन बसतो.

---

रंगपेटी (कोल्हापूर), १३ ऑगस्ट २०२४

पाकिटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, पॅकिंग-छपाईचा धंदा आहे. छापून झाल्यावर चूक सापडली की अख्खा लॉट भंगारात जातो, तेव्हा आधी वाचा.

दोन वेगळे कायदे लागतात. अन्नसुरक्षेचा : पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीकडे या क्रमाने (म्हणजे तुमच्याकडे मिरची पहिली, आणि सामानात काही लपवायचं नाही), हिरवा शाकाहारी ठिपका, पोषणमूल्यं, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरावा ती तारीख, १४ आकडी नंबर. शेंगदाणा घालत असाल तर ॲलर्जीची सूचना. दुसरा वजनमापांचा, २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम : बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन-ईमेल. आणि हल्ली एककाची किंमतही लागते. २५० ग्रॅमला २२० असेल तर 'प्रति ग्रॅम ०.८८ रुपये' असं छापायचं. हे निम्मे लोक विसरतात. वैधमापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणीही करावी लागते, फी ५०० रुपये. काट्यावर त्यांचा शिक्का आहे ना बघा, घरगुती स्वयंपाकाच्या काट्यावर भरून विकायचं नाही.

दहा हजार पाकिटं छापली की दर स्वस्त पडतो म्हणून सगळे मागे लागतील. आमच्यासारखेच लागतात. तुम्ही साधी उभी राहणारी झिपची पाउच घ्या, आत चंदेरी थर असलेली, आणि वर स्टिकर लावा. किंमत, वजन, पत्ता बदलला की फक्त स्टिकर बदलतो. पारदर्शक पाउच सुंदर दिसतं, पण उजेडाने लाल रंग उडतो आणि दुकानदार म्हणतो मिरची जुनी आहे.

बारकोड फक्त साखळीसाठी लागेल. तो जीएस१ इंडिया या बारकोड देणाऱ्या संस्थेकडूनच घ्या, ८९० ने सुरू होणारा. नेटवरून चित्र उतरवून लावलेला पकडला जातो.

---

उगवती (सांगली), १३ ऑगस्ट २०२४

डंक स्वतःचा घ्यायचा विचार असेल तर केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे, पीएमएफएमई. कृषी खात्याकडून चालते, जिल्ह्याला संसाधन व्यक्ती नेमलेली असते, ती अर्ज भरून देते. प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान. निदान १० टक्के तुमचे, बाकी बँकेचं कर्ज. गटात असाल तर सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही आहे.

पण दोन गोष्टी. अनुदान हातात रोख मिळत नाही, कर्जखात्याशी जोडून राहतं, हप्ते नीट गेले तर तीन वर्षांनी वळतं होतं. तोवर व्याज-हप्ता तुमच्याच गल्ल्यातून. आणि स्वतःचा डंक आठवड्यातून दोन दिवस चालवून परवडत नाही. बाहेरची कांडपं घ्यावी लागतात, म्हणजे तो दुसराच धंदा. आमच्या गटात दोघी फक्त डंकावर असतात, मार्च ते मे रात्री नऊपर्यंत.

सध्या गावातल्या डंकावरच जा, पण सकाळचा पहिला नंबर लावा. आदल्या माणसाची गरम मसाल्याची पूड उखळात राहिली असेल तर तुमची चव दर खेपेला बदलते. घरच्या गिऱ्हाइकाला चालतं. दुकानातलं गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला सोडून जातं. आणि कांदा नीट कोरडा तळा. ओलावा राहिला की बंद पाउचमध्ये गोळे धरतात, बुरशी येते. लेबलावर सहा महिने लिहायच्या आधी एक बॅच खरंच सहा महिने ठेवून बघा.

---

सांडगी_मिरची, १८ ऑगस्ट २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. वाणीदादांचा हिशेब सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आपण गाव जेवू घालत होतो म्हण की."

फूड नोंदणीचा अर्ज केला, उद्यमही झालं. उत्पादनच निवडलं. दोन फोन येऊन गेले, कट केले. चालू खात्याचे कागद बँकेत दिलेत. किंमत २२० करतोय. साखळीला कळवलं : ३० दिवस, परतीचा माल नाही, महिन्याला २० किलोने सुरुवात. अजून उत्तर नाही. कंपनी काढत नाही म्हटल्यावर भावजी जरा फुगलेत.

एकच राहिलं. नाव 'घरगुती मसाले' ठेवू म्हणतोय. नोंदवून घ्यावं का?

---

खतावणी (पुणे), १८ ऑगस्ट २०२४

ते नाव नोंदलं जाणं अवघड. मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावावर हरकत येतेच, आणि मिळालं तरी कुणाला अडवता येणार नाही, राज्यभर हजार घरगुती मसाले आहेत. काहीतरी वेगळा, तुमचाच शब्द शोधा. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, मसाले ३० व्या वर्गात. अर्जाआधी ट्रेडमार्कच्या साइटवर फुकट शोध घेता येतो. नोंदणी १० वर्षांची असते. नोंद होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लावा, गोलातला 'आर' लावू नका, तो गुन्हा आहे.

---

पाणचट_चहा, १८ ऑगस्ट २०२४

सांडगी मिरचीच ठेवा की. नाव इथेच सापडलं. रॉयल्टी म्हणून माझं सँपल.

---

वाणीदादा (कराड), १९ ऑगस्ट २०२४

नाव काहीही ठेवा, पहिल्यांदा १०० ग्रॅमचं पाकीट काढा. नवा मसाला कुणी पावशेर नेत नाही, बाई आधी एका भाजीपुरता नेते. पाउच-स्टिकरचा खर्च १०० ग्रॅमलाही तेवढाच येतो, तेव्हा किंमत ८८ नको, ९५ ठेवा. नोंदणी नंबर आला की पाच किलो माझ्याकडे पाठवा, सगळी शंभराची पाकिटं. पैसे माल उतरला की लगेच.